नवा टीव्ही घेताय? आधी त्याचा काळा रंग बघा

मागच्या वेळी टीव्ही घेताना मी दुकानाच्या भिंतीवर ओळीने लावलेले टीव्ही बघूनच निवड केली होती. एकावर लाल-निळे पोपट उडत होते, पानावरून पाण्याचे थेंब घरंगळत होते आणि रंग असे की नजर हटेना. तोच घेतला. घरी आणला, रात्री दिवे मालवले आणि सिनेमा लावला. एक बाई हातात कंदील घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरते, असा प्रसंग होता. कंदिलाभोवतीचा अंधार राखेसारखा करडा दिसत होता. चित्राच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्याही उजळलेल्या होत्या, आणि डाव्या कोपऱ्यात कुणी मागून बॅटरी मारावी तसा पांढुरका डाग होता. पायऱ्या कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते, तेच कळेना. टीव्हीत बिघाड काहीच नव्हता. त्या प्रकारचं पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, अंधारात असंच दिसतं, आणि हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा टीव्ही घ्यायची वेळ आली तेव्हा नीट वाचलं, मोजलं, दुकानात तासभर उभं राहून तपासलं. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने मांडतोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं: चित्र चांगलं वाटण्यात सगळ्यात मोठा वाटा काँट्रास्टचा असतो, म्हणजे पांढरा किती उजळ आणि काळा किती काळा, यातल्या अंतराचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात पिक्सेलचा, म्हणजे चित्र बनवणाऱ्या बारीक ठिपक्यांचा, आकडा छापलेला असतो, काँट्रास्ट मात्र सहसा कुठे धड लिहिलेला नसतो.

सुरू करण्यापूर्वी जवळ ठेवा

- मोजपट्टी
- जुनी वर्तमानपत्रं आणि चिकटपट्टी
- एक पेनड्राइव्ह, त्यात काय भरायचं ते पायरी ८ मध्ये आहे
- वही किंवा फोनमधली नोंद, कारण मॉडेल नंबर लक्षात राहत नाहीत

## १. अंतर मोजा आणि त्यावरून इंच ठरवा

जिथे बसून टीव्ही बघता तिथपासून टीव्हीच्या जागेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. भिंतीपर्यंतचं नको, पडदा जिथे येणार तिथपर्यंतचं मोजा. त्या आकड्याला ४ ने भागा. जो आकडा येईल तेवढ्या इंचांचा टीव्ही तुमच्या खोलीला साधारण बरोबर बसतो. २ मीटरवरून बघत असाल तर ५० इंची, अडीच मीटरवरून ६० च्या आसपास, ३ मीटरवरून ७५. या हिशोबात पडदा तुमच्या नजरेचा सुमारे ३० अंशांचा भाग व्यापतो. सिनेमाची खरी आवड असेल आणि चित्रपटगृहासारखं वाटायला हवं असेल तर ३ ने भागा. मग तो कोन ४० अंशांच्या आसपास जातो. बातम्या आणि मालिकांसाठी एवढा मोठा पडदा घ्यायची गरज नाही.

इंच हे कर्णाचं माप आहे, त्यामुळे डोळ्यांना अंदाज येत नाही. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंमी रुंद असतो, ५५ इंची १२२ सेंमी, ६५ इंची १४४ सेंमी आणि ७५ इंची १६६ सेंमी. आणखी एक हिशोब लोकांच्या लक्षात येत नाही. ४३ वरून ५५ ला गेलात तर पडद्याचं क्षेत्रफळ ६० टक्क्यांहून जास्त वाढतं, आणि ५५ वरून ६५ ला गेलात तर सुमारे ४० टक्के.

वर्तमानपत्रं जोडून त्या मापाचा आयत भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. हसू नका, हे करून बघाच. आमच्या घरी कागदाचा आयत लावल्यावर कळलं की दरवाजा पूर्ण उघडला की तो पडद्याच्या कडेला लागेल. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ येईल असा तो आयत लावा. बरेच लोक टीव्ही फार वर टांगतात आणि मग मानदुखीची तक्रार करतात.

टेबलावर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर बघा. पुष्कळ टीव्हींना मधोमध एक स्टँड न देता दोन टोकांना दोन पाय दिलेले असतात, आणि टेबल रुंदीला कमी पडतं. भिंतीवर लावणार असाल तर मागच्या चार स्क्रूंमधलं अंतर टिपून ठेवा. ते २०० बाय २००, ३०० बाय ३००, ४०० बाय ४०० मिलिमीटर असं ठरावीक मापात असतं आणि ब्रॅकेट त्यालाच जुळणारं लागतं.

## २. ४के, ८के: यावर फार वेळ घालवू नका

फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. ८के त्याच्या चौपट.

निरोगी डोळ्याला साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा दिसतो. त्या हिशोबाने ५५ इंची पडदा सव्वादोन मीटरपेक्षा लांबून बघितला तर फुल एचडी आणि ४के यांतला निव्वळ पिक्सेलचा फरक दिसेनासा होतो. ६५ इंची पडद्यावर ८केचा फायदा दिसायला सव्वा मीटरच्या आत बसावं लागेल. तेवढ्या जवळ बसून कुणी टीव्ही बघत नाही. ८केचे पैसे वाचवा.

४के मात्र घ्याच, कारण मोठ्या आकारात आता चांगलं पॅनेल ४के सोडून जवळपास मिळतच नाही.

इथला खरा सापळा वेगळा आहे. तुमच्या घरात जुन्या दर्जाचे, म्हणजे एसडी चॅनेल जास्त लागत असतील, तर ७२० बाय ५७६ चं चित्र टीव्हीला ४के पडद्यावर पसरावं लागतं. एका पिक्सेलचे बरोबर २० करायचे असतात. मधले १९ टीव्हीचा प्रोसेसर अंदाजाने भरतो. हलक्या टीव्हीत हा अंदाज चुकतो आणि चेहरे मेणाचे वाटायला लागतात. त्यामुळे दुकानात चकचकीत डेमोबरोबर एक साधा एसडी चॅनेलही लावून बघा. जुन्या टीव्हीपेक्षा नव्यावर चित्र वाईट दिसतं अशी तक्रार ऐकू येते ती बहुतेक याच कारणाने.

## ३. पॅनेल ओळखा

इथे थोडा वेळ द्या. चित्राचा दर्जा आणि किंमत, दोन्ही इथेच ठरतात.

बाजारातले टीव्ही मुळात दोन जातीचे आहेत. एक एलसीडी, दुसरी ओएलईडी. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी या नावांनी विकले जाणारे बहुतेक सगळे टीव्ही एलसीडीच असतात.

एलसीडी म्हणजे मागे दिवे आणि पुढे लाखो बारीक झडपा. काळं दाखवायचं असेल तेव्हा झडप मिटते, पण पूर्ण मिटत नाही, मागचा उजेड थोडा झिरपतोच. किती झिरपतो ते झडपेच्या प्रकारावर ठरतं. आयपीएस प्रकारात काँट्रास्ट साधारण १००० ला १ असतो, म्हणजे पांढरा ३०० निट असेल तर काळा ०.३ निट (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक). दिवसा हे जाणवत नाही. अंधाऱ्या खोलीत तोच काळा करडा होतो, माझ्या त्या तळघरासारखा. व्हीए प्रकारात हे प्रमाण ३००० ते ५००० ला १ आणि काही वेळा त्याहून चांगलं असतं. रात्री फरक लगेच कळतो.

मग सगळे व्हीएच का घेत नाहीत? बाजूने बघितलं की व्हीएचे रंग फिके पडतात. समोर एकच सोफा असेल तर अडचण नाही. खोलीच्या तिन्ही बाजूंना माणसं बसत असतील तर आयपीएसचा विचार करा, कारण त्याचं चित्र बाजूनेही बऱ्यापैकी टिकतं.

बॅकलाइट, म्हणजे मागचे दिवे, हा दुसरा प्रश्न. दिवे कडेला असतील तर उजेड सारखा पसरत नाही आणि कोपऱ्यांत डाग दिसतात. दिवे पडद्याच्या पूर्ण मागे असतील आणि त्यांचे गट वेगवेगळे मंद करता येत असतील तर त्याला फुल अॅरे लोकल डिमिंग म्हणतात. चित्रात जिथे अंधार तिथले दिवे मंद, जिथे उजेड तिथले तेज. या गटांना झोन म्हणतात. मिनी एलईडीत दिवे फार बारीक असतात, म्हणून झोनची संख्या शेकड्यांत, महागड्या टीव्हीत हजारांत जाते.

झोन जास्त म्हणजे चांगलं, हे खरं. पण ५०० झोन धरले तरी एका झोनच्या वाट्याला सुमारे १६,६०० पिक्सेल येतात. काळ्या आकाशात एकच तारा असला तरी त्या झोनचा सगळा दिवा लागतो आणि ताऱ्याभोवती पांढुरकं वलय दिसतं. सबटायटलच्या अक्षरांभोवती हे हमखास दिसतं. चांगला टीव्ही हे वलय आवरतो, हलका आवरू शकत नाही.

ओएलईडीत मागे दिवेच नसतात. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो आणि काळं दाखवायचं तर स्वतः विझतो. वलय नाही, कोपऱ्यातला डाग नाही, बाजूनेही चित्र उत्तम. अंधारात सिनेमा बघणाऱ्यासाठी याच्या जवळ जाणारं दुसरं काही मला अजून दिसलेलं नाही. याच्या दोन मर्यादा आहेत. सगळा पडदा उजळ असला, उदाहरणार्थ बर्फाचं मैदान, की टीव्ही एकूण उजेड कमी करतो. त्यामुळे समोर मोठी खिडकी आणि दिवसभर ऊन असेल तर चांगला मिनी एलईडी जास्त सोयीचा. दुसरी मर्यादा बर्न-इनची. चॅनेलचा लोगो किंवा बातम्यांची पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली तर काही वर्षांत तिचा पुसट ठसा कायमचा उमटू शकतो. नव्या टीव्हींत यावर बरेच उपाय केलेले आहेत, पण घरात सकाळपासून रात्रीपर्यंत एकच वृत्तवाहिनी चालू राहत असेल तर ओएलईडी घेऊ नका असंच मी सांगेन.

सापळा: क्यूएलईडी आणि ओएलईडी ही नावं कानाला सारखी वाटतात. क्यूएलईडी हा एलसीडीच आहे. त्यात मागच्या उजेडापुढे क्वांटम डॉटचा, म्हणजे शुद्ध रंगाचा उजेड देणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, थर असतो. त्यामुळे रंग शुद्ध आणि भरदार होतात. तंत्र भक्कम आहे, क्वांटम डॉटच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण रंग सुधारले म्हणून काळा सुधारत नाही. लोकल डिमिंग नसलेला क्यूएलईडी रात्री तितकाच करडा दिसू शकतो. क्यूडी-ओएलईडी हे आणखी वेगळं. तो खरोखर ओएलईडीच असतो, जोडीला क्वांटम डॉट, आणि २०२२ पासून बाजारात आहे.

## ४. एचडीआर: शिक्का नको, निट विचारा

एचडीआर म्हणजे चित्रातल्या तेजाची आणि रंगांची व्याप्ती वाढवणं. जुनं, साधं चित्र सुमारे १०० निट डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेलं असतं. एचडीआर चित्र बऱ्याचदा १००० निटपर्यंत, काही वेळा ४००० पर्यंत धरून बनवतात. नदीवर चमकणारं ऊन आणि झाडाखालची सावली एकाच वेळी नीट दिसतात ती यामुळे.

आता खोक्यावरचा एचडीआरचा शिक्का बघा. बऱ्याच वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो. पॅनेल २५० ते ३०० निटचं आणि लोकल डिमिंग नाही, अशा टीव्हीवर एचडीआर लावलं की चित्र उलट अंधुक वाटतं. पुष्कळ जण मग टीव्हीच खराब आहे असं समजतात. माझा ढोबळ हिशोब असा: एलसीडी असेल तर ६०० निटच्या आसपास आणि लोकल डिमिंग हवंच, त्यापुढे एचडीआरची मजा सुरू होते; हजाराच्या वर ती खुलते. ओएलईडीला कमी निट चालतात, कारण त्याचा काळा पूर्ण काळा असतो.

एचडीआर१०, एचएलजी, डॉल्बी व्हिजन, एचडीआर१०+ अशी याची नावं आहेत. पहिली दोन जवळपास सगळीकडे असतात. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ यांत प्रत्येक दृश्यासाठी वेगळी सूचना जाते, म्हणून मध्यम टीव्हीवर त्यांचा उपयोग होतो. पण दोन टीव्हींत एकाचं पॅनेल उजळ आणि दुसऱ्यावर फक्त शिक्के जास्त असतील, तर उजळ पॅनेल घ्या.

रंगांसाठी १० बिट पॅनेल आहे का विचारा. ८ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळच्या आकाशात रंगाचे पट्टे पडलेले दिसतात की सलग उतार दिसतो, हे यावर बरंच ठरतं.

## ५. हर्ट्झ

पडदा सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करतो, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. ६० हर्ट्झ की १२० हर्ट्झ? काही ठिकाणी ५० आणि १०० लिहितात, अर्थ तोच. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो. ६० ला २४ ने नीट भाग जात नाही, म्हणून सहसा एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते, आणि कॅमेरा संथ सरकताना चित्र किंचित अडखळतं. १२० ला पूर्ण भाग जातो, प्रत्येक चौकट पाचदा. खेळाचे सामने आणि गेमिंगमध्येही १२० चा फायदा दिसतो. नुसत्या बातम्या-मालिका असतील तर ६० पुरे.

सापळा: मोशन या शब्दाला जोडून २४०, ४८० असे आकडे छापतात. ते पॅनेलचे हर्ट्झ नसतात, कंपनीने स्वतः ठरवलेली मोजणी असते. विचारायचा प्रश्न एकच: पॅनेलचा नेटिव्ह रिफ्रेश रेट, म्हणजे खरे हर्ट्झ, किती?

## ६. पोर्ट, आवाज, सॉफ्टवेअर

हे भराभर सांगतो. एचडीएमआय पोर्ट किमान तीन हवेत. साउंडबारसाठी ईआर्क (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवण्याची सोय) असलेला पोर्ट बघा. गेमिंग करणार असाल तर ४के १२० हर्ट्झ, व्हीआरआर (पडद्याचे हर्ट्झ गेमच्या वेगाशी जुळवणं) आणि एएलएलएम (गेम लावताच कमी विलंबाचा मोड आपोआप लागणं) या तिन्ही गोष्टी नाव घेऊन विचारा. नुसतं एचडीएमआय २.१ लिहिलेलं पुरत नाही, कारण त्यातल्या सुविधा ऐच्छिक असतात, आणि कधी चारपैकी दोनच पोर्टवर मिळतात.

पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, त्यामुळे आवाज किरटा येतो. संवाद नीट ऐकू यावेत असं वाटत असेल तर साउंडबारचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

टीव्हीतलं सॉफ्टवेअर तीन-चार वर्षांत मंद होतं. त्यासाठी बाहेरून लावायची स्टिक मिळते, पॅनेल मात्र बदलता येत नाही. सॉफ्टवेअर आवडलं म्हणून हलकं पॅनेल घेऊ नका.

## ७. बजेटची वाटणी

दुकानात जाण्यापूर्वी आकडा कागदावर लिहा आणि त्यातून साउंडबार, ब्रॅकेट, वाढीव वॉरंटी यांचे पैसे वजा करा. उरेल तो टीव्हीचा आकडा. हे आधी केलं नाही तर सगळं टीव्हीवरच संपतं.

पैसे कमी असतील तर साधा व्हीए पॅनेलचा, ६० हर्ट्झचा ४के टीव्ही घ्या आणि एचडीआर, क्यूएलईडी वगैरे शिक्क्यांसाठी जास्तीचं काही देऊ नका. असा टीव्ही दिवे मंद करून बघितला तर समाधान देतो. मधल्या बजेटमध्ये लोकल डिमिंग असलेला १२० हर्ट्झचा एलसीडी किंवा मिनी एलईडी शोधा. माझ्या मते खर्चाचं सगळ्यात चांगलं मोल इथे मिळतं. हात मोकळा असेल तर खोलीत अंधार करता येतो का एवढंच बघा. येत असेल तर ओएलईडी, नाहीतर वरच्या दर्जाचा मिनी एलईडी.

आकार आणि दर्जा यांत एकच निवडायचं झालं तर? अंतराच्या हिशोबात बसत असेल तोवर एक आकार लहान घेऊन चांगलं पॅनेल घ्यावं, असं मी म्हणतो. घरात खेळाचे सामने दहा जण मिळून बघत असतील तर मात्र मोठा पडदा घ्या. तिथे काळ्या रंगापेक्षा आकारच कामाला येतो.

मागच्या वर्षीचं मॉडेल आवर्जून विचारा. बहुतेक कंपन्या दरवर्षी नवी मालिका आणतात आणि जुनीची किंमत उतरते. जुन्या आणि नव्या वर्षाच्या मधल्या दर्जाच्या मालिकेत पॅनेल जवळपास सारखंच असलं, तर जुनी मधली मालिका नव्या हलक्या मालिकेपेक्षा कितीतरी सरस ठरते.

सापळा: एकाच मालिकेत ४३ आणि ५० इंचीला ६० हर्ट्झचं साधं पॅनेल आणि ५५ च्या वर १२० हर्ट्झचं, असं होतं. परीक्षण वाचताना ते तुमच्याच आकाराचं आहे का ते बघा. मॉडेल नंबरातलं प्रत्येक अक्षर जुळवा. शेवटचं एक अक्षर बदललं की आतला माल बदललेला असू शकतो.

## ८. दुकानात तपासणी

दोन-तीन मॉडेल नक्की झाल्यावरच दुकानात जा. पेनड्राइव्हमध्ये पाच गोष्टी भरून न्या: पूर्ण करड्या रंगाचं एक चित्र, काळ्या पार्श्वभूमीवर सरकणारा छोटा पांढरा ठिपका, संध्याकाळच्या आकाशाचं चित्र, माणसांचे चेहरे जवळून दिसतील असा एखादा प्रसंग, आणि कॅमेरा आडवा सरकत जातो असा प्रसंग.

दुकानातले टीव्ही सहसा सगळ्यात भडक मोडमध्ये लावलेले असतात, कारण तिथला उजेड घरापेक्षा खूप जास्त असतो. विक्रेत्याला नम्रपणे सांगा, सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावून दाखवा. चित्र एकदम पिवळट आणि मंद वाटेल. पाच मिनिटं थांबा, डोळे सरावतात. मग चेहरे बघा. कातडीचा रंग माणसासारखा वाटतोय का?

करड्या चित्रात ढगाळ डाग किंवा उभे पट्टे शोधा. खेळाच्या सामन्यात हिरव्या मैदानावर हेच डाग डोळ्यांत खुपतात. ठिपका सरकताना त्याच्याभोवती वलय किती आणि ते उशिरा मागून येतं का ते बघा. नंतर दोन पावलं डावीकडे सरका, मग उजवीकडे. शेवटी शक्य असेल तर तो कोपरा थोडा अंधारा करायला सांगा. मला एका ठिकाणी विक्रेत्याने आपणहून वरचे दिवे बंद करून दिले होते, आणि शेजारी शेजारी लावलेल्या दोन टीव्हींमधला फरक त्या एका मिनिटात कळला. एकाची चौकट आणि पडदा वेगळे दिसेनात, दुसऱ्याचा पडदा करडा चमकत राहिला. उजेडात तेच दोन टीव्ही मला सारखे वाटले होते.

## ९. बिल, वॉरंटी, खोकं

बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर असायलाच हवा. टीव्हीच्या मागचं स्टिकर भिंतीवर टांगण्यापूर्वीच फोनमध्ये टिपा, नंतर तिथे हात पोचत नाही. वॉरंटीत पॅनेल किती वर्षं धरलं आहे ते वेगळं विचारा. पडदा फुटणं किंवा तडा जाणं वॉरंटीत सहसा नसतं. ओएलईडी असेल तर बर्न-इन धरलंय का तेही लेखी बघा.

टीव्ही नेहमी उभाच न्यायचा, आडवा ठेवायचा नाही. खोकं उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ काढा आणि आणणारा माणूस जाण्यापूर्वी टीव्ही चालू करून बघा. तडा काही वेळा चालू केल्यावरच दिसतो. खोकं आणि आतला थर्माकोल परत करण्याची मुदत संपेपर्यंत टाकू नका.

## १०. पहिल्या आठवड्यात करायची कामं

पहिल्यांदा चालू केल्यावर टीव्ही घर की दुकान असं विचारतो. घर निवडा, नाहीतर तो भडक मोडमध्येच अडकून राहतो.

पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर ठेवा. फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये जाहीर झाला तोच मुळी यासाठी, की एका बटणात टीव्हीच्या सगळ्या सुधारणा बंद होऊन दिग्दर्शकाने केलेलं चित्र दिसावं. कलर टेंपरेचर वॉर्मवर, शार्पनेस अगदी कमी, नॉइज रिडक्शन बंद. मोशन स्मूदिंग, म्हणजे मधल्या चौकटी टीव्हीने स्वतः भरणं, सिनेमासाठी बंद, नाहीतर सिनेमा घरगुती व्हिडिओसारखा गुळगुळीत दिसतो. सामन्यांना थोडं चालतं. वीजबचतीचा मोड तपासा, तो चित्र परस्पर मंद करत असतो. बॅकलाइट दिवसासाठी वेगळा आणि रात्रीसाठी वेगळा ठेवा.

गेमिंग कन्सोल किंवा सेट टॉप बॉक्स ज्या एचडीएमआय पोर्टला जोडला असेल, त्या पोर्टचा एन्हान्स्ड सिग्नल पर्याय मेनूत जाऊन चालू करा. पुष्कळ टीव्हींत तो बंद असतो आणि लोक महिनोन्‌महिने एचडीआरशिवाय बघत राहतात. ओटीटीवर ४के बघायचं तर इंटरनेटचा वेग १५ मेगाबिटच्या वर आणि तुमचा प्लॅन ४केचा असला पाहिजे. हे नसेल तर टीव्ही कितीही चांगला असो, चित्र मऊच दिसेल.

ओएलईडी घेतला असेल तर तो रिमोटने बंद केल्यावर लगेच भिंतीवरचं बटण बंद करू नका. काही तास वापर झाला की तो बंद असताना स्वतःची पिक्सेल-दुरुस्ती करतो, त्यासाठी त्याला वीज लागते. पडदा पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड वापरा, काचेचा स्प्रे थेट मारू नका.

एका रात्री खोलीत पूर्ण अंधार करून तो काळ्या पार्श्वभूमीवरच्या ठिपक्याचा व्हिडिओ आणि करडं चित्र पुन्हा लावा. मेलेला पिक्सेल, कोपऱ्यातला जास्तीचा उजेड, ढगाळ डाग, जे दिसेल त्याचा फोटो काढा आणि परत करण्याची मुदत असेपर्यंत दुकानाला कळवा. एलसीडीत काळा थोडा करडा वाटतच असेल, पण डाग नसेल, तर टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा एक मंद पांढरा दिवा लावून बघा. डोळ्यांची बाहुली थोडी लहान होते आणि तोच काळा जास्त गडद भासतो. जुन्या टीव्हीला मी हा दिवा फार उशिरा लावला. त्या तळघराच्या पायऱ्या त्यानंतर मला पहिल्यांदा मोजता आल्या.